लाल पाटीखालचा थांबा

मगनभाऊंचा स्वभावच संशयी. दूधवाल्याने मापावर चार थेंब जास्त घातले, तर हा माणूस खूश व्हायचं सोडून विचारणार, "का बुवा, आज काय विशेष?" धंदा रस्त्याच्या पाट्या लावण्याचा. वळणाच्या, शाळेच्या, गतिरोधकाच्या, सगळ्या अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या. पिंप्राळ्यात त्यांच्याच कॉलनीचा रस्ता जिथे हायवेला मिळतो, तिथे त्यांनी एक लाल अष्टकोनी पाटी ठोकली. पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: थांबा. म्हणजे गाडीवाल्या, ब्रेक दाब, इकडेतिकडे बघ, मग जा. सोपी गोष्ट.

दोन दिवसांनी बघतात तर काय, पाटीखाली तीन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उभ्या! आणि त्यातली एक म्हणजे त्यांची आई, अक्का.

भाऊ पोट धरून हसले. "अगं अक्का, हा एसटीचा थांबा नाही. गाड्यांनी थांबायचं, तुम्ही नाही!"

"लिखेल शे ना, थांबा," अक्का ठसक्यात म्हणाली. "आन् थांबस बी. काल कुंदाबाई गयी ना आठून."

कुंदाबाई म्हणजे दोन घरं सोडून राहणारी. एरंडोलला लेकीकडे जाते म्हणून निघाली होती. भाऊंनी लेकीला फोन लावला.

"आई? नाही हो काका, आली नाही. मला वाटलं, बेत रद्द केला."

झालं, भाऊंच्या डोक्यात भुंगा शिरला. हे काम वडाप करणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्यांचं! म्हाताऱ्या बायांच्या कानात सोनं असतं, कुणाची नियत फिरायला कितीसा वेळ लागतो? पोलिसांत सांगून झालं. डेपोत विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, त्या वळणावर आमची एकही गाडी थांबत नाही.

"कोणती गाडी होती गं?" त्यांनी अक्काला खोदून विचारलं.

"लाल."

"गाडीच्या पुढच्या पाटीवर गावाचं नाव काय होतं?"

"नाव कोठलं? तठे बी तेच लिखेल व्हतं. थांबा."

दुपारी भाऊ समोरच्या चहाच्या टपरीवर नजर लावून बसले. आज चोर पकडायचाच. पाटीखाली त्याच तिघी: पुढे प्रमिलाबाई, मग अक्का, मग आणखी एक. नको म्हटलं तरी अक्का येऊन उभी राहिलीच होती. केळीने भरलेला एक ट्रक मधून गेला. गेला एवढंच, थांबलासुद्धा नाही. तो पुढे सरकला तेव्हा पाटीखाली दोघीच होत्या.

भाऊ रस्ता ओलांडून धावले. "प्रमिलाबाई कुठे गेल्या?"

"नंबर लागना तिना, गयी ती," अक्का म्हणाली, आणि एक पाऊल पुढे सरकून उभी राहिली.

हवेत डिझेलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास होता. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा.

पुढचा नंबर आईचा. भाऊंनी अक्काला अक्षरशः ओढत घरी आणलं. ती लहान पोरासारखी रडत होती, "मना नंबर जाई रे!" तिला मयुरीच्या, म्हणजे बायकोच्या, ताब्यात देऊन ते पाना-पक्कड घेऊन परत गेले आणि पाटी उखडली. भंगारात टाकावी, तर भंगारवाल्याचा काय भरवसा? उचलून दुसरीकडे लावेल. नाल्यात टाकावी, तर कुणी काढेल. छे! आपल्या नजरेसमोर असलेली बरी. त्यांनी ती घरीच आणली आणि अंगणात तोंड भिंतीकडे करून टेकवून ठेवली. दाराला आतून कडी घातली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मयुरी भरिताची वांगी भाजत होती. अक्का पिशवी उशाशी घेऊन खाटेवर पडली होती. भाऊ मोरीत पाय धुवायला गेले.

बाहेर घंटी वाजली.

दोरी ओढून वाजवतात ती, कंडक्टरची घंटी. एकदाच. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीत बसलेल्या कुणालाही विचारा.

भाऊ ओल्या पायांनी धावले. कडी निघालेली. खाट रिकामी. पिशवीही नाही.

अंगणातल्या पाटीचं तोंड गल्लीकडे होतं.

गल्ली ती केवढी! रिक्षा आली तर माणसाने ओट्यावर चढायचं. समोरच्या ओट्यावर सकीनाभाभी उभ्या होत्या, नुकतंच कुणालातरी निरोप दिल्यासारख्या हसऱ्या.

"भाभी, आई कुठे आहे?"

"बसल्या ना भाऊ. मीच हात दिला चढायला. खिडकीजवळ जागा मिळाली."

"बसली? कशात?"

भाभींना प्रश्न कळेना. त्यांनी भाऊंच्या मागे, जरा वर बघितलं, खिडकीच्या उंचीवर.

"ही काय, उभीच आहे गाडी. तुमच्यासाठीच थांबली आहे ना?"

भाऊ वळले. गल्ली रिकामी होती. फक्त ओल्या पोटऱ्यांना गरम वाफ लागत होती, आणि दुसरी घंटी काही वाजत नव्हती.