पलीकडच्या टोकाचा लूप

काम म्हटलं तर चिमूटभर होतं. टेकडीवरच्या टेलिफोनच्या ट्रान्समिशन केंद्रात जायचं, मशीनला लॅपटॉप जोडायचा, एका लाइनचा अलार्म कायमचा मास्क करायचा आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचं. मास्क करणं म्हणजे अलार्मच्या तोंडावर हात ठेवणं. मेलेली लाइन मेलेलीच राहते, फक्त तिच्या नावाने कुणी रडत नाही.

ते काम नानाच्या गळ्यात पडलं. नाना वयाने चाळिशीचाच, पण चेहऱ्यावर थकवा असा मुरलेला की त्याच्याहून मोठे साहेबसुद्धा त्याला नाना म्हणत. ही लाइन दरीपलीकडच्या केंद्राला जात होती आणि त्या केंद्रावर त्याचा थोरला भाऊ कामाला होता. गेल्या वर्षी डोंगराचा कडा सुटला आणि ते केंद्र दादासकट गाडलं गेलं. माती उपसून उपसून माणसं दमली, पण दादा काही सापडला नाही.

तेव्हापासून त्या लाइनचा अलार्म लाल होता. नुसता लाल राहिला असता तर कचेरीला सवय झाली असती. पण रोज चहाच्या वेळेला तो आपसूक विझायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटून अख्खी कचेरी डोक्यावर घ्यायचा. तुटलेली केबल कुठेतरी टेकत असेल, असं साहेबांचं म्हणणं. नानाने मान डोलावली. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. ही लाइन रोज थोडा वेळ का होईना चालू दिसत होती तोवर कागदोपत्री ते केंद्र बंद धरलं जात नव्हतं, आणि केंद्र बंद होत नव्हतं तोवर वहिनीचं वाट पाहणं संपत नव्हतं. नाना वरच्या खोलीत राहायचा आणि जेवायला खाली तिच्याकडे असायचा. त्याच्या स्वतःच्या लग्नाचं घोडं कुठे पेंड खात बसलं ते त्यालाच ठाऊक. पायरीवर कुणाचाही पाय वाजला की वहिनीच्या हातातला घास तसाच राहायचा, हे वर्षभर रोज पाहून त्याचा जीव तुटायचा. आज सकाळी डबा देताना ती म्हणाली होती, "बंद करून या, भाऊजी. मीही थकले आता."

केंद्रात तापलेल्या धुळीचा आणि बॅटऱ्यांचा आंबूस वास होता. पंखे घरघरत होते. नानाने दार लावून घेतलं, लॅपटॉप जोडला आणि लाइन उघडली. लाल. मास्क करायला त्याने बोट उचललं, आणि तेवढ्यात लाल दिवा विझून हिरवा लागला.

नानाने घड्याळाकडे पाहिलंच नाही. चहाची वेळ झाली होती हे त्याला न पाहता कळत होतं.

त्याने इकडून सिग्नल पाठवणं थांबवलं. लाल. पुन्हा सुरू केलं. हिरवा. म्हणजे त्याचाच सिग्नल पलीकडे जाऊन त्याच्याकडेच परत येत होता. याला लूप म्हणतात. पलीकडे कुणी बसलेलं नसलं तरी मशीनला वाटतं, सगळं ठणठणीत आहे. पण लूप आपणहून पडत नाही. कुणाला तरी हाताने टाकावा लागतो.

दादाची तीच खोड होती. चहाला उठायचं झालं की आपल्या टोकाला लूप टाकायचा, म्हणजे नानाकडे अलार्म वाजायला नको. नियमात हे मुळीच बसत नव्हतं, आणि वर लूप काढायलाही तो विसरायचा. केंद्राचं दार तर त्याने जन्मात कधी लावलं नाही. 'दार उघडे' हा अलार्म नानाच्या पडद्यावर सदा पेटलेला. शेपूट अडकलंय का रे दारात, असं आई लहानपणापासून विचारायची.

नानाने त्या लाइनचा फोन उचलला.

"हॅलो..."

"हॅलो..." क्षणभराने त्याचाच आवाज परत आला. लूपवर तसाच येतो. नानाला हसूच आलं, आणि मग वर्षभर कुणापाशी न बोललेलं तोंडून निघून गेलं. "दादा... थकलोय रे आता."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर झाली.

"थकलोय रे आता..."

आवाज त्याचाच होता. फक्त त्यातला 'दादा' परत आला नव्हता.

नानाने फोन ठेवला. वहिनीचा चेहरा आठवून त्याने अलार्म मास्क केला. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. त्याने हो म्हटलं, आणि त्याला रडू फुटलं. डोळे पुसून पाहतो तर पडद्यावर नवी ओळ उमटलेली. पलीकडचं केंद्र. दार उघडे.

त्या दारावर दोन पुरुष उंचीचा मातीचा थर होता.

मग तो थांबला नाही. कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि गाडी जमेल तेवढ्या जोरात हाकत, दिवेलागणीला घरी पोचला.

घराचं दार सताड उघडं होतं. आत वहिनी चहा गाळत होती. दोन कप मांडलेले. वर्षभरात तिचा चेहरा इतका निवांत त्याने पाहिला नव्हता.

"दार का उघडं, वहिनी?"

"तुम्हीच टाकलंत की. म्हणणार होते, शेपूट अडकलंय का म्हणून. पण म्हटलं, दमून आलाय माणूस..." ती बोलता बोलता वळली. उंबऱ्यात उभा असलेला नाना, त्याच्या खांद्यावरची बॅग, हातातली गाडीची किल्ली, हे सगळं तिने सावकाश पाहिलं. मग तिची नजर आतल्या खोलीकडे गेली.

"भाऊजी... तुम्ही मघाशीच आत जाऊन पडलात ना? दमलोय म्हणालात. चहा मागितलात. मी वळून पाहिलं नाही... पण आवाज तुमचाच होता."

आतल्या खोलीत दिवा नव्हता. ओल्या मातीचा वास मात्र स्वयंपाकघरापर्यंत आला होता. खाट करकरली. नाना तोंड घट्ट मिटून उंबऱ्यातच उभा होता, आणि आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी मायेने म्हणालं,

"अगं, आधी त्याला दे एक कप. थकलाय तो."