तीन पिशव्या, एकच कोड

"न्हाई घेतले मी पैसे! कितीदा सांगू?" तन्वीर ओरडला. त्याच्या गालावर अब्बांची बोटं अजून उमटलेली होती.

सुट्टीतला नदीवर जायचा बेत कुठल्या कुठे राहिला. अब्बांच्या खात्यातून चाळीस हजार गेले होते आणि त्या वेळी मोबाईल होता तन्वीरच्या हातात. पोरानं गेममध्ये उडवले, असं अब्बांनी, गयासोद्दीननी, ठरवूनच टाकलं. धाकट्या भावाच्या बाजूनं उभी होती एकटी कशफ.

"नीट आठव. काल फोनमध्ये नवीन काय झालं?"

"अब्बांनी सरकीच्या पिशवीवरचा कोड स्कॅन केल्ता. बियाणं असली का नकली बघायला. मंग त्यातून आलेलं एक ॲप घेतलं."

कशफनं ते ॲप तपासलं. मेसेज वाचायची परवानगी! म्हणजे बँकेचा ओटीपीही त्यानंच वाचला असणार. तिनं पिशवीवरचं स्टिकर नखानं उचललं. खाली कंपनीचा छापील कोड होता!

दोघं धावतच तीर्थपुरीच्या बाजारात गेली. पिशवी मैत्रिणीच्या, शीतलच्या काकांच्या दुकानातली होती. शीतलनं आणखी दोन पिशव्यांवरची स्टिकरं अलगद सोडवली. तिन्ही एकावर एक ठेवून तिनं उजेडात धरली. टिपका न् टिपका जुळला!

"प्रत्येक पिशवीचा नंबर वेगळा, मंग कोड एकच कसा?" कशफ म्हणाली. "हा पिशवी तपासतच न्हाई!"

"काका, ही कोणी चिकटवली?" शीतलनं विचारलं.

"कंपनीचा माणूस आल्ता," काकासाहेब मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले. "गळ्यात कार्ड होतं."

"वाचलं का?"

"कार्ड कोण वाचतं? चहा पाजला मी त्याला!"

"अशा किती पिशव्या विकल्या?"

आता मात्र त्यांची मान वर आली. "साठ."

साठ घरं! कशफनं आधी अब्बांना बोलावून सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार करायला लावली. मग तिघांनी दुकानातून एकेका घरी फोन लावले. "स्कॅन करू नका! ॲप घेतलं असेल तर फोन बंद ठेवा!" दोन घरांत उशीर झाला होता. एका फोनवर तर नुसतं रडणंच ऐकू आलं.

"माल आला की कळवा म्हणून नंबर देऊन गेला ना तो?" शीतल म्हणाली. "मंग कळवा, काका!"

दुपारी तो आला, पिशवीत स्टिकरांची गुंडाळी घेऊन. काकासाहेबांनी चौकीत आधीच कळवलं होतं; पोत्यांमागे साध्या वेशातले दोन पोलीस बसलेलेच होते.

"आम्ही मोठी माणसं डोळे झाकून बसलो, पोरांनी वाचवलं," चौकीत काकासाहेब म्हणाले. फौजदारांनी तिघांची पाठ थोपटली. पण अब्बांच्या चाळीस हजारांतले बँकेला अडवता आले फक्त नऊ हजार.

गयासोद्दीननी मोबाईल तन्वीरपुढे धरला. "गलती मेरी थी, बेटा."

तन्वीरनं हात पाठीमागे नेले. "तुमच्याजवळच राहू द्या, अब्बा."

घरी जाताना कशफनं भावाच्या गालाकडे पाहिलं. बोटं पुसट झाली होती. तो मात्र अब्बांपासून हातभर लांबूनच चालत होता.