आधी हिचं होऊ द्या

कायदा झाला त्या दिवशी हॅलबरीत बँड वाजला. ऑगस्टातली उकाड्याची संध्याकाळ होती, लोकरीच्या गिरण्या नुकत्याच सुटल्या होत्या, आणि चॅपलच्या बायका पांढऱ्या फिती लावून कालव्याच्या पुलावरून स्तोत्रं गात चालल्या होत्या. मुलीच्या संमतीचं वय तेरावरून सोळावर गेलं होतं. त्यासाठी या बायका सह्या मागत दारोदार हिंडल्या होत्या आणि कित्येकींच्या तोंडावर दारं आपटली गेली होती. थर्झा ओल्डरॉइड मात्र अनाथ मुलींच्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात सलगम सोलत बसली होती.

"जा की बाई, बघून तरी या," स्वयंपाकीण मिसेस बॉट म्हणाली. "तुमच्याच घरचं लग्न आहे म्हणायचं हे."

"माझ्या घरच्या लग्नात सलगम मलाच सोलावे लागणार. दुसरं आहे कोण?"

तिला आनंद झाला नव्हता असं नाही. पण ती इतकी दमली होती की उठून दारापर्यंत जाणंसुद्धा तिच्यानं होईना. आश्रमाची मेट्रन म्हणून आयुष्याची चांगली वर्षं तिनं एका विचित्र कामात घालवली होती. ती पोरींना नरक शिकवत असे.

झालं होतं असं, की लहान मुलीला साक्ष द्यायची तर आधी शपथ घ्यावी लागे, आणि शपथ म्हणजे काय हे तिला कळतं अशी न्यायमूर्तींची खात्री पटल्याशिवाय तिला शपथ देत नसत. न्यायमूर्ती विचारत, खोटं बोलणाऱ्याचं काय होतं? देव त्याला नरकात टाकतो, हे उत्तर. ते आलं तर पोरीचं बोलणं हा पुरावा. नाही आलं तर पोरगी खाली आणि आरोपी आपल्या घरी. न्यायमूर्तींना दया आली तर खटला पुढच्या सत्रावर जाई आणि पोरीला धर्म शिकवून आणा असा हुकूम होई. मग ती पोरगी थर्झाकडे येई. ज्यांनी याच जन्मात नरक पाहिला होता त्यांना ती पुस्तकातला नरक पाठ करून देई. काही पोरी शिकल्या. काही पिंजऱ्यात उभ्या राहिल्यावर सगळं विसरल्या, भलतंच बोलल्या आणि घरी पाठवल्या गेल्या.

नव्या कायद्यात लहान मुलांना शपथेविना बोलायची मुभा मिळाली होती. थर्झाला वाटलं, सुटलो एकदाचे.

सप्टेंबरात फिर्यादीचे वकील सटक्लिफसाहेब एका पोरीला घेऊन आले. केझाया फर्थ, वय नऊ, हातापायांच्या काड्या आणि डोळे जमिनीला खिळलेले. आई वारलेली. आरोपी होता सावत्र बाप, जोएल मेटकाफ. गिरणीतला मुकादम, रविवारी चॅपलमध्ये बायबल वाचून दाखवणारा. पोरीला मिसेस बॉटकडे सोपवून वकिलांनी दार लावून घेतलं.

"बाई, कायद्याला एक शेपूट आहे," ते म्हणाले. "शपथेविना बोललेलं चालतं, पण त्याला दुजोरा देणारं दुसरं काहीतरी हवं. इथं दुजोरा कोण देणार? भिंती?"

"म्हणजे पुन्हा नरक."

"पुन्हा नरक." सटक्लिफसाहेबांनाही शरम वाटत असावी, कारण ते हातातली टोपी नुसती फिरवत होते. "तिला शपथ मिळाली तर ज्यूरी तिचं ऐकेल. पोरगी खरं बोलते, कुणालाही कळेल."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर तो सुटला. कायद्यानं तो तिचा बाप आहे. त्याच संध्याकाळी तिला घरी घेऊन जाईल."

थर्झा उठली. तिनं कपड्यांच्या खोलीची किल्ली काढली. शिकवणी तिथंच चाले, कारण त्या खोलीत इस्त्रीची ऊब असे आणि पोरी तिथं जरा सैलावत.

केझाया हुशार होती. पहिल्याच आठवड्यात सगळं घडाघडा म्हणू लागली. देव कोण, शपथ काय, खोटं बोलणाऱ्याचं काय होतं. थर्झाला तिचं कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण नऊ वर्षांच्या पोरीनं नरकाबद्दल इतकं मन लावून ऐकू नये.

मग एका दुपारी, चादरींच्या घड्या घालता घालता, थर्झानं सहज विचारलं, "खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, केझी?"

"त्याला रात्री जेवायला देत नाहीत," केझाया म्हणाली.

थर्झाच्या हातातली घडी तशीच राहिली. उत्तर चुकलं म्हणून नव्हे. ते शब्द समुद्राकाठच्या कोळ्यांच्या हेलात आले होते, ओढून ओढून. केझायानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण असं बोलणारी एक पोरगी या खोलीत बसून गेली होती, फार वर्षांपूर्वी. भर न्यायालयात तिनं नेमकं हेच उत्तर दिलं होतं आणि लोक हसले होते. थर्झाला तिचं नाव आठवेना. उत्तर तेवढं आठवत होतं.

"काय म्हणालीस?"

"देव त्याला नरकात टाकतो," केझाया आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. आधीचं काही बोलल्याचं तिच्या गावीही नव्हतं.

थर्झा भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"तुम्ही पोरींना कोर्टातल्या गोष्टी सांगता का हो?"

"मी?" मिसेस बॉटनं कणकेचे हात कमरेवर ठेवले. "मला इथं कामं कमी पडलीत वाटतं? आणि सांगायच्याच झाल्या तर माझ्या नवऱ्याच्या सांगेन, पोरी हसतील तरी."

थर्झा हसली. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. या वेळी केझाया म्हणाली, "खोटं बोललं की जीभ काळी पडते. पण त्याची नाही पडली. मी बघितली ना." हे उत्तर मुकी वाटावी अशा एका पोरीनं दिलं होतं, न्यायमूर्तींच्या खासगी खोलीत, दार बंद असताना. ऐकणारे होते न्यायमूर्ती, कारकून आणि थर्झा. कारकून आता हयात नव्हता. थर्झानं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काय होतं?

त्यानंतर आणखी आली. ज्या ज्या पोरी घरी पाठवल्या गेल्या होत्या त्यांची उत्तरं एकामागून एक केझायाच्या तोंडून येऊ लागली, ज्या क्रमानं ती पूर्वी आली होती त्याच क्रमानं. रोज नाही. बरोबर उत्तरं चार वेळा येत आणि मग मध्येच एखादं तसलं. थर्झाला भुताची भीती वाटली नाही, खटल्याची वाटली. न्यायमूर्ती एकदाच विचारणार होते. त्या एका वेळी कुणाचं उत्तर येईल?

नोव्हेंबर लागला. हॅलबरीवर धुकं आणि धूर यांची मिळून एकच गोधडी पसरली. सत्र सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी, दुपारी, थर्झा केझायाला घेऊन न्यायालयात गेली. जागा ओळखीची झाली की पोरी कमी घाबरतात, हा तिचा अनुभव. शिपाई क्रॅबट्रीनं कुरकुरत दार उघडून दिलं.

"आटपा लवकर, बाई. शेगडी पेटवलेली नाही. गारठून मराल, मग माझ्या नावानं खडे फोडाल."

तो बाहेर पाइप ओढत उभा राहिला. आत ओल्या लाकडाचा आणि जुन्या शाईचा वास होता. उंच खिडक्यांतून पिवळट उजेड येत होता. थर्झा वकिलांच्या बाकावर बसली आणि केझायाला म्हणाली, "जा, चढ. साक्षीदार तिथं उभा राहतो."

केझाया पायऱ्यांपाशी गेली आणि थांबली.

"अगं चढ की."

"वाट देत नाहीत," केझाया म्हणाली.

"कोण?"

केझायानं पिंजऱ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे, मग मागं भिंतीपर्यंत नजर नेली. रांग बघावी तशी. "ह्या. म्हणतात, आम्ही आधी आलोय. आमचं बोलायचं राहिलंय."

थर्झाचे हात थंडीनं बधिर झाले होते, असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. पिंजरा रिकामा होता. पायऱ्या रिकाम्या होत्या. दाराबाहेर क्रॅबट्री खोकत होता.

"किती वेळ थांबणार म्हणतात?"

"बोलू देईपर्यंत."

तिला एकदम राग आला. पोरींचा नव्हे. न्यायमूर्तींच्या त्या खुर्चीचा, त्या प्रश्नाचा, तीन महिन्यांपूर्वी वाजलेल्या त्या बँडचा. आणि रागाच्या पाठोपाठ नेहमीचा थकवा आला. त्या थकव्यातच ती उठून उभी राहिली आणि रिकाम्या पिंजऱ्याशी बोलली. कुणी पाहिलं असतं तर आश्रमाच्या मेट्रनला वेड लागलं म्हणालं असतं.

"हे बघा पोरींनो," ती म्हणाली. "तुमचं राहिलं, मला ठाऊक आहे. पण हिला सोमवारी बोलता आलं नाही तर ती त्याच्या घरी जाईल. आधी हिचं होऊ द्या. मग तुमचं."

काहीच हाललं नाही.

"त्या विचारतात, नक्की ना?" केझाया म्हणाली.

"नक्की," थर्झा म्हणाली. दमलेल्या आईनं रडत्या पोराला चंद्र देऊ करावा, तसं ते होतं. देणार कुठून, याचा विचार तिनं केला नाही.

केझायानं स्कर्ट सावरला, कडेकडेनं, कुणाला धक्का लागू नये अशा बेतानं पायऱ्या चढली आणि पिंजऱ्यात उभी राहिली. त्या दिवशी तिचं एकही उत्तर चुकलं नाही.

सोमवारी न्यायमूर्तींना पडसं झालं होतं. म्हातारे, थकलेले गृहस्थ. गेल्या सत्रात एका पोरीला त्यांनीच परत पाठवलं होतं, दुष्टपणानं नव्हे, नियमानं. जोएल मेटकाफ इस्त्रीच्या कॉलरमध्ये शांत उभा होता. केझायाला पिंजऱ्यात चढवलं तेव्हा कठड्यावर फक्त तिचे डोळे दिसत होते.

"मुली, खोटं बोलणाऱ्याचं काय होतं?"



केझायानं एकदा बाजूला पाहिलं.

"देव त्याला नरकात टाकतो, साहेब."

"तुला खात्री आहे?"

"हो, साहेब."

"शपथ द्या."

मग ती बोलली. हळू, पण न अडखळता. मेटकाफच्या वकिलांनी तिला तीनदा फिरवून विचारलं, तिनं तीनदा तेच सांगितलं. ज्यूरी विचार करायला आपली जागा सोडून खोलीतसुद्धा गेली नाही. दोषी. मेटकाफला खाली नेलं तेव्हा त्याची कॉलर एका बाजूनं सुटली होती. सटक्लिफसाहेबांनी थर्झाचा हात धरला आणि सोडलाच नाही, ते रडत होते. थर्झालाही रडायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला पोट भरल्यासारखं वाटत होतं.

मिसेस बॉट केझायाला कोपऱ्यावरच्या दुकानात मटण भरलेली गरम पेस्ट्री खायला घेऊन निघाली. दारात केझाया वळली.

"बाई, आता त्यांचं ना?"

"हो गं, हो. तू आधी जेव."

थर्झा बाकावर बसून राहिली. आत आता शेगडी पेटली होती. पुढचा खटला मेंढ्यांच्या चोरीचा होता. तिला त्यात रस नव्हता. डोळे मिटावेत असं तिला वाटलं.

क्रॅबट्रीनं पहिल्या साक्षीदाराला हाक मारली. जनावरांचा एक दलाल, लाल मानेचा, हत्तीसारखा. पायऱ्यांपाशी तो जरा घुटमळला, कुणीतरी पुढं घुसल्यासारखा बाजूला झाला आणि मग वर चढला. त्यानं बायबल हातात घेतलं, शपथ म्हटली, पुस्तकाला ओठ लावले.

"नाव?" वकिलांनी विचारलं.

दलालानं तोंड उघडलं.

"रोझॅना स्पाइट," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता, बाजारात भाव ओरडून बसलेला. पण शब्द ओढून ओढून आले, समुद्राकाठच्यासारखे. गॅलरीत कुणीतरी हसलं. दलाल स्वतःच गोंधळून आपल्या तोंडाला हात लावून पाहत होता.

थर्झाला नाव आठवलं.

वकील कागद चाळू लागले. दलालाचा हात तोंडावरून खाली आला. तो कठड्याला धरून चवड्यांवर उंच झाला, त्या पलीकडचं दिसत नसल्यासारखा.

"आता सांगू का, साहेब?" त्यानं विचारलं.

न्यायमूर्ती आधीच्या खटल्याचं काहीतरी लिहीत होते. त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि मान वर न करताच म्हटलं,

"सांगा. जरा मोठ्यानं."