सफुराला शिव्या, अझाराला नमस्कार

अझारानं झाकारीला पहिल्यांदा पाहिलं आणि तिथल्या तिथे त्याचा उद्धार केला.

वागादुगूच्या बाजारात त्याच्या मोपेडची साखळी नेमकी तिच्या सरबताच्या टपरीसमोर निसटली. बाजरीच्या थंडगार सरबताचा पेला पुढे करत तिनं आडनाव विचारलं.

"नेबिए."

"म्हणजे गुरुन्सी! तरीच म्हटलं, कुत्र्याचं डोकं शिजल्याचा वास कुठून येतोय!"

"आणि तू बिसा ना? मूठभर शेंगदाण्यांसाठी सासूला विकाल तुम्ही!"

दोघंही खदखदून हसले. गुरुन्सी आणि बिसा या दोन जमातींची माणसं समोरासमोर आली की एकमेकांना शिव्या द्यायच्या, हा वाडवडिलांचा रिवाज. राग मानणाराच तिथे वेडा ठरतो. झाकारी मग रोज येऊ लागला, आणि अझारा रोज नवी शिवी तयार ठेवू लागली.

पण लाल धुळीचे वारे सुटले आणि झाकारीच्या जिभेला काय झालं कोण जाणे!

"नमस्कार, अझारा. घरचे बरे आहेत ना?"

बस्स, एवढंच. आणि समोर शेंगदाणे भाजणाऱ्या सफुराला मात्र, "ए टरफले! अजून जिवंत आहेस?" सफुराही बिसाच. ती कंबरेवर हात ठेवून त्याच्या सात पिढ्या काढायची, आणि हा मेला दात काढून हसायचा. अझाराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तिनं त्याच्या पेल्यात मूठभर आलं कुटून घातलं. डोळे पुसत पुसत तो सगळं प्यायला आणि म्हणाला, "छान झालंय."

आता मात्र हद्द झाली.

"त्या सफुरात असं काय आहे रे?" ती फणकारली. "मला का नाही शिव्या देत?"

झाकारीनं पेला खाली ठेवला.

"आठवतं... एकदा म्हणालो होतो, तुला बायको करून नेतो?"

"हो. किती हसलो होतो सगळे!"

"तुम्ही हसलात. तू, सफुरा, पलीकडचा खाटीक." त्यानं मान खाली घातली. "मी खरं बोललो होतो, अझारा. म्हणून थट्टा सोडली. निदान पुढच्या वेळी तरी तुला खरं वाटेल..."

लग्नाची मागणी घालताना देतात ते कोलाचं कडू फळ त्यानं खिशातून काढून तळहातावर धरलं. "तू हो म्हणालीस, तर काका शुक्रवारी रीतसर कोला घेऊन तुमच्या घरी येतील."

"अगं बाई! कुत्रेखाऊ लग्नाचं विचारतोय!" समोरून सफुरा ओरडली. "हस की गं, अझारा!"

टपऱ्यांची अख्खी रांग हसायच्या तयारीत वळली. झाकारीनं तळहात मागे घेतला नाही. सवयीनं अझाराच्याही ओठांवर हसू आलं होतं... तिनं ते गिळलं. कोला उचलला, दातांनी दोन तुकडे केले, एक चावला आणि दुसरा त्याच्या तळहातावर ठेवला.

कुणीच हसलं नाही. सफुराच्या हातातला झारा तसाच राहिला.

"काकांना सांग, शुक्रवारी वेळेवर या," अझारा म्हणाली. "आणि उद्यापासून तिला नुसता नमस्कार घालायचा... शिव्या फक्त मला."