सहादेवच्या नावाची पसाभर बाजरी

यात पदरचं काही घातलेलं नाही. सहादेवनं सांगितलं तसंच लिहिलं आहे. पुणतांब्यात नदीच्या बाजूला त्याचं घर आहे, आणि ही गेल्या पौषातली पहाट.

सहादेव थकला होता. गुडघे गेलेले, बायको छबूबाई जाऊन वर्ष झालेलं. जाग यायची, पण अंग उठायचं नाही.

त्या पहाटे चिपळ्या वाजल्या...

दारात वासुदेव. मोरपिसांची टोपी, पायांत घुंगरू. निजामशाहीच्या काळात, ना फोन ना रस्ते, तेव्हा गावोगावची खबर हेच लोक आणायचे. घरोघरची गेलेली माणसं गाण्यात सांभाळायचे. म्हणून दान द्यायचं ते मेलेल्या माणसाच्या नावानं.

नवी सून जया शहरात, सावेडीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिनं पसाभर बाजरी झोळीत घातली.

“कुनाच्या नावानं, माय?”

तिला वाटलं, घरच्या कर्त्याचं नाव विचारतोय.

“सहादेव.”

चिपळ्या थांबल्या...

मग हळूच गाणं आलं, “सहादेवबाबाला दान पावलं...”

सहादेव अंथरुणातून ओरडायला गेला. आवाज फुटला नाही.

कसाबसा दाराशी आला, तर गल्ली मोकळी.

कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं.

“पोरी, जित्तेपनीच पितरांत बसवलंस व्हय मला?”

“चुकलं, मामा. आता काय करायचं?”

“ज्यानं नाव घेतलं, त्यानंच ते माघारी द्यायचं. चल.”

गावात पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरचा वासुदेव यायचा. आता आसाराम. दोघं एसटीनं केडगावला त्याच्या घरी गेले.

आसाराम खाटेवर पडून होता. अर्धं अंग लुळं. टोपी खुंटीला, मोरपिसांवर धूळ.

“दोन वर्सं उंबरा वलांडला न्हाई म्या, सहादेव.”

“मंग माझ्या दारात कोन आलं?”

आसारामनं खुंटीवरच्या टोपीकडं बघितलं.

“बाजरी झोळीत पडली ना? मंग कुनाला तरी पावलीच. जे म्या घेतलं न्हाई, ते माघारी कसं देऊ?”

तेव्हापासून रोज पहाटे सहादेवला चिपळ्या ऐकू येतात.

आधी नदीकडं वाजायच्या. मग गल्लीच्या तोंडाशी. आता अंगणात...

जयाला काही ऐकू येत नाही. तरी ती दाराला पाठ लावून झोपते.

वासुदेव नावं घेतो. सहादेवच्या आजोबाचं. बापाचं. छबूबाईचं.

मग सहादेवच्या नावापाशी थांबतो...

“वाट बघतो गं तो,” सहादेव परवा सुनेला म्हणाला. “लई थकलोय मी. आज तोंडातनं ‘ओ’ निघता निघता ऱ्हायली.”