जिस्लेनच्या खांद्याचं माप

"काच पुसायची असते, चाटायची नाही," जिस्लेन मागून म्हणाली.

लिएजच्या संग्रहालयात एक तरुण काचेला नाक लावून जुनी शिकारी बंदूक बघत होता. तो दचकला... मग कानापर्यंत लाल होऊन हसला. आर्मां त्याचं नाव. फ्रान्सहून आलेला, जुन्या बंदुकांसाठी बेल्जियममधली संग्रहालयं पालथी घालत फिरणारा.

"तुम्ही इथं कामाला?"

"छे. या बंदुकीचा लाकडी दस्ता माझ्या पणजोबांनी केलाय. अधूनमधून बघून जाते, बरी आहे ना म्हणून."

बाहेर म्यूज नदीवर पावसाची भुरभुर होती. त्यानं छत्री उघडली, सगळी तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत तिच्या वडिलांच्या, दस्ते घडवायच्या कारखान्यापर्यंत आला. आता अशा माणसावर जीव जडला, तर पोरीचा काय दोष?

पुढं ती दस्ते घासत बसायची तिथं तो रोजच येऊ लागला. कधी गरम बटाट्याचे काप आणायचा, कधी नुसताच यायचा.

"तेलकट हात लाकडाला लावू नका," ती दटावायची.

"मग तुम्हीच भरवा."

"फार लाडावलेले दिसता..." म्हणत तिनं एक काप भरवला. बोटाला त्याचे ओठ लागले. ती दिवसभर नुसती घासत बसली, लाकूड गुळगुळीत झालं तरी.

एके दिवशी त्यानं लिलावात घेतलेली जुनी बंदूक आणली. दस्ता मोडलेला. दस्ता माणसाच्या अंगाप्रमाणे बेततात, म्हणून जिस्लेन टेप घेऊन त्याच्या खांद्याशी आली.

"माझं नको —" तो हळूच म्हणाला, "तुमचं घ्या."

तिच्या हातातून टेप निसटली. पप्पांनी आईला मागणी घातली होती, ती आईच्या मापाची बंदूक देऊनच. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पप्पांनीही तोच अर्थ घेतला; जिस्लेनचं माप घेतलं, आणि स्वतःच्या म्हातारपणाची बेगमी म्हणून जपलेली महागडी अक्रोडाची फळी काढून दिली. जिस्लेननं जीव ओतून दस्ता घडवला.

आर्मां बंदूक न्यायला आला. "लावून दाखवा ना."

तिनं बंदूक खांद्याला लावली. गाल लाकडावर अलगद टेकला.

"वा... सोफीला अगदी बसेल."

"कोण सोफी?"

"माझी होणारी बायको. तुमच्याच अंगकाठीची आहे. लग्नाची भेट म्हणून —"

जिस्लेननं बंदूक खाली घेतली. "मला वाटलं, माझ्यासाठी करून घेताय."

"मी... तसं कधी बोललो का?"

नव्हता बोलला. छत्री धरली, घास खाल्ला, डोळ्यांत बघून हसला, पण शब्दानं कुठं अडकला नव्हता. पक्का बेटा.

"मला तुम्ही आवडता, आर्मां. उपयोग नाही, पण सांगून टाकते."

तो बुटांकडे बघू लागला. ती वाट बघत होती. वेडी, अजूनही वाट बघत होती.

"सोफीला यातलं..." तो पुटपुटला, "कळायला नको हं."

तेवढ्यात आतून पप्पा आले. अंगात ठेवणीतला कोट, एका हातात दारूची बाटली, दुसऱ्यात तीन पेले. चेहरा नुसता फुललेला. "काय मग, जावईबापू?"

आर्मांनं बंदूक कापडात गुंडाळायला घेतली. जिस्लेननं पप्पांच्या हातातला एक पेला काढून कामाच्या मेजावर पालथा ठेवला.

"यांना गाडी गाठायचीय, पप्पा. आपण दोघंच घेऊ."