चुनीलाल पायीवर होता

आत पाऊल टाकताना कुणी शिंकलं की क्षणभर थांबायचं, एवढं मी मानते. बाकी काही मानत नाही. त्या दिवशी नंदुरबारला ट्रेनिंगच्या हॉलच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून शिंक आली. थांबले. पुन्हा पाय उचलला, पुन्हा शिंक. परत तेच झालं तेव्हा माझं टाळकंच फिरलं.

"अहो, जाऊ द्याल का मला आत?" मी वळून म्हटलं.

मागे इस्त्रीच्या शर्टातला एक उंच तरुण उभा होता. डोळ्यांतून धारा, नाक लालबुंद, बगलेत फाइल.

"मी कुठे... मी कुठे अडव—" म्हणत तो पुन्हा शिंकला.

मग मला हसू आलं. हॉलच्या मागेच मिरचीच्या पथाऱ्या आहेत. हिवाळ्यात तिथे लाल मिरची वाळत घालतात आणि वारा फिरला की सगळ्या रस्त्यावर खकाणा उठतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. नवखा माणूस मात्र लगेच ओळखू येतो.

स्कुटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ माझ्या गळ्यातच होता. तो काढून मी त्याच्या हातात दिला. "बांधा नाकाला. आणि डोळे चोळू नका, नाहीतर दिवसभर रडत बसाल."

त्याने बांधला. आता नुसते डोळे दिसत होते. बरे होते डोळे. खोटं कशाला बोलू?

"थँक्यू हां. मन्हं नाव भूपेंद्र शे," स्कार्फच्या आतून आवाज आला.

"पाठ करून आलात वाटतं?"

"छे हो! आमचं मूळ गाव प्रकाशा. वाढलो नाशिकला, पण अहिराणी येते मला. फुल्ल."

"फुल्ल?"

"म्हणजे... कळते. बोलायला जरा—" आणि शिंक.

मी कामिनी. कळसाडीची. शहाद्याच्या रस्त्यावर एका जिनिंगमध्ये ऑफिस सांभाळते. कापूस आत येतो, रुईच्या गाठी बाहेर जातात, आणि मधल्या मध्ये कुणाचं बोट जातं, कुणाचा पाय मोडतो. त्यांच्या नुकसानभरपाईचे कागद मी करते. शेठ म्हणाले होते, "ट्रेनिंग कर, सर्टिफिकेट आण, मग तुझ्या सहीने कागद जातील." म्हणून आले होते. प्रेमात पडायला आले नव्हते.

भूपेंद्र विमा कंपनीतला. म्हणजे मी ज्यांच्याकडे कागद पाठवते आणि जे ते शेरे मारून परत पाठवतात, त्या जमातीतला. नोकरी लागून वर्ष होत आलं तरी तो अजून कच्चाच होता. हे सर्टिफिकेट मिळालं तरच कायम होणार होता.

शिकवायला रंजना मॅडम होत्या, कामगार कार्यालयातून निवृत्त झालेल्या. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "एक जरी तास चुकवला तरी परीक्षेला बसता येणार नाही. कारण विचारणार नाही, सांगितलं तर ऐकणार नाही." मग फळ्यावर लिहिलं: इजा नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेली असली पाहिजे.

"कामिनी मॅडम," शेजारच्या खुर्चीतून भूपेंद्र कुजबुजला, "ट्रेनिंगला आलो आणि इथे कुणी आवडलं, तर ते ओघात धरायचं का?"

"इजा झाली असेल तर धरायचं."

"झालीये... थोडीशी."

"मग डॉक्टरचा दाखला आणा. तोंडी दावा चालत नाही."

तो हसला आणि मीही वहीत तोंड घालून हसले. पुढच्या रांगेतून दिलवरसिंगने मागे वळून पाहिलं. दिलवरसिंग धडगावकडचा, ऊसतोड मजुरांची कामं बघणारा, स्वभावाने शांत आणि नजरेने एकदम तिखट.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एकत्र बसलो. माझ्या डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. भूपेंद्रने भरीत खाल्लं, ठसका लागला, पाणी प्यायला, पुन्हा खाल्लं. आमच्याकडे परक्या माणसालाही भाऊ म्हणतात. दुकानदार भाऊ, कंडक्टर भाऊ. मी मात्र त्याला सारखं साहेबच म्हणत होते. भाऊ म्हणायला जीभ वळतच नव्हती.

"मला भाऊ आणि यांना साहेब?" दिलवरसिंगने विचारलं.

"ते विम्याचे आहेत ना, म्हणून."

"हो का?" दिलवरसिंग म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडण्यात एकदम गुंगून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी आम्हाला जोडीजोडीने पुढे बोलावलं. एकाने जखमी कामगार व्हायचं, दुसऱ्याने विम्याचा अधिकारी होऊन जबाब घ्यायचा. माझ्या वाट्याला भूपेंद्र आला. म्हटलं, चला, बघू याची फुल्ल अहिराणी. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि सुरू झाले.

"साहेब, मी पायीवर व्हती. मन्हा हात पट्टामा अडकी गया."

"पायी?" त्याने वर पाहिलं. "म्हणजे तुम्ही चालत होता?"

"नही हो साहेब, पायीवर!"

"बाई, कामावर होता की पायी होता, एक काय ते सांगा."

"पायीवरच व्हती ना मी! कितला डाव सांगू?"

भूपेंद्र वर्गाकडे वळला आणि अगदी ऐटीत म्हणाला, "अर्जदार स्वतःच सांगतात की त्या पायी होत्या. म्हणजे कामावर नव्हत्या. इजा नोकरीच्या ओघात नाही. दावा नामंजूर."

सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. रंजना मॅडमसुद्धा रुमालाआड हसत होत्या.

"अहो साहेब," मी ओढणी खाली घेत म्हटलं, "पायी म्हणजे पाळी! दिवसपाळी, रातपाळी! अहिराणीत ळ ला थारा नाही. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते, गुळाचा गूय होतो. बाई ओरडून सांगतेय की मी पाळीवर होते, आणि तुम्ही तिला चालायला लावलंत!"

पुन्हा हशा उठला. मला वाटलं, तोही हसेल. पण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं होतं. खुर्चीवर जाऊन तो खाली मान घालून बसला. माझं चुकलंच, मी मनात म्हटलं, चारचौघांत एवढं फाडायला नको होतं.

चहाच्या वेळी मी दोन ग्लास घेऊन त्याच्याकडे गेले. "रागावलात का?"

"चुनीलाल," तो म्हणाला.

"कोण चुनीलाल?"

"खांडबाऱ्याचा हमाल. तिकडच्या एका जिनिंगमध्ये पायावर रुईची गाठ पडली. मी जबाब घ्यायला गेलो होतो. तो सारखा हेच म्हणत होता... पायीवर व्हतू साहेब, पायीवर व्हतू. लोक त्या आवारातून मधल्या वाटेने रस्त्याला जातात. मला वाटलं, हाही तसाच पायी चालला असेल. मालक तर म्हणाला, हा आमचा माणूसच नाही, हजेरीत नाव नाही. त्याच्याकडे फक्त त्याचा शब्द होता. आणि मी तो शब्द..."

"नामंजूर केलात."

"हो."

"आता कसा आहे तो?"

"काठी घेऊन चालतो. बायको फुलीबाई एकटी मजुरीला जाते."

"मग दुरुस्त करा ना!"

"फेरविचाराची मुदत उद्या दुपारी संपते. नवा जबाब हवा, सोबतच्या मजुरांच्या सह्या हव्यात. आज दुपारी इथे तास आहे, उद्या सकाळी परीक्षा आहे..."

"मग इथे चहा काय पिताय?"

माझ्या तोंडून फटकन निघून गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. ग्लास कट्ट्यावर ठेवला, फाइल उचलली आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेला. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी त्याला कशावर पाणी सोडायला लावलं.

दुपारी शेजारची खुर्ची रिकामी होती. मॅडम अपंगत्वाची टक्केवारी कशी मोजतात ते शिकवत होत्या आणि माझ्या कानांत काही शिरत नव्हतं. सरळच सांगते, मला तो आवडायला लागला होता. आणि आवडलेल्या माणसाची नोकरी मी एका वाक्यात धोक्यात घातली होती. पण खरी भीती याहून वाईट होती. तो खांडबाऱ्याला गेलाच नसेल तर? भर वर्गात लाज वाटली म्हणून खोलीवर जाऊन बसला असेल तर? नोकरी गेली तर दुसरी मिळते, हो. पण तो तसला माणूस निघाला असता, तर मला तो पुन्हा आवडला नसता. आणि तो आवडेनासा व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

तास संपल्यावर मी रंजना मॅडमना गाठलं. "मॅडम, भूपेंद्र साहेबांना उद्या परीक्षेला बसू द्या. ते कामासाठीच गेलेत."

"कशावरून?"

"मला... वाटतं तसं."

"वाटण्यावरून दावा मंजूर होतो का गं?"

मॅडमनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. "आणि त्याच्या वतीने तू कशी आलीस? कायद्यातल्या अवलंबितांच्या यादीत तर तू बसत नाहीस."

माझे कान तापले. मॅडम थोड्या हसल्या, पण नियम तिथेच राहिला. "त्याचं काम खरं असेल तर मला आनंदच आहे, पोरी. पण आज एकाला सूट दिली, तर उद्या दहाजण येतील. पुढच्या बॅचला येऊ दे त्याला."

परीक्षा झाली. पेपर सोपा गेला. उत्तरं भराभर लिहिली आणि दारावर कुणी आलं की मान वर करून पाहिलं. दरवेळी भलतंच कुणीतरी असायचं. दिलवरसिंग बाहेर पडताना म्हणाला, "कामिनीबहन, गेला असेल तो. मला माणूस कळतो." मी म्हटलं, "मलाही कळतो, भाऊ." पण म्हणताना नजर रस्त्याकडेच होती.

सगळे पांगले तरी मी फाटकाशी घुटमळत होते. मग तो आला. कालचाच शर्ट, चुरगळलेला. दाढी वाढलेली. चेहरा ओढलेला, तरी काहीसा मोकळा.

"गेला होतात?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मग कुठे जाणार होतो?"

मला रडूच यायला लागलं, आणि त्याचं खापर मी मिरचीवर फोडलं.

त्याने सगळं सांगितलं. पॅसेंजरने तो खांडबाऱ्याला पोचला तर चुनीलाल घरी नव्हता, सासुरवाडीला गेला होता. फुलीबाई आधी दारात उभंच करेना. मग कुणाची तरी मोटरसायकल मागून चुनीलालला गाठलं. "या वेळी मी नीट विचारलं, कोणती पायी? दिवसनी का रातनी? तर म्हणतो कसा, 'रातनी, साहेब. तवयपासून तेच सांगी ऱ्हायनू तुले!'" सोबतच्या दोन हमालांनीही सह्या दिल्या. सकाळी शाखेत जाऊन त्याने कागद आपल्या वरच्या साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी विचारलं, पहिल्या वेळी चूक कुणाची? हा म्हणाला, माझी. आणि तसं लिहून दिलं.

"फाइल उघडली?"

"उघडली. चुनीलालला त्याचं मिळेल."

"आणि तुम्ही?"

"मी कच्चाच." तो हसला. "पुढची बॅच होईपर्यंत धुळ्याच्या शाखेत बसायचंय. त्या बॅचला पास झालो तर बघू म्हणालेत."

"मी तसं बोलले नसते तर..."

"ट्रेनमध्ये बसल्यावर मी तुझ्यावर चिडलोच होतो, कामिनी. खांडबारा येईपर्यंत चिडलो होतो. मग त्याचा पाय पाहिला." तो थांबला. "तू बोलली नसतीस, तर मी तो चहा संपवला असता. आणि वर्गात जाऊन बसलो असतो. त्याचंच मला फार वाईट वाटतंय."

मॅडम नाही, तुम्ही नाही. सरळ कामिनी, आणि तू. माझ्या ते लक्षात आलं, आणि माझ्या लक्षात आलंय हे त्याच्याही लक्षात आलं. दोघंही उगीच रस्त्याकडे बघत राहिलो.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मराठीत धीर होत नाही. अहिराणीत सांगू?"

"सांगा. होऊ दे परीक्षा."

त्याने घसा खाकरला. "तू माले... आवडी ऱ्हायनी."

मी इतकी हसले की फाटकाला धरावं लागलं. बिचारा कावराबावरा झाला. "चुकलं का?"

"अहो, आवडी ऱ्हायनी काय? बस येई ऱ्हायनी, पाणी पडी ऱ्हायनं... हे आत्ता चाललेलं असतं, जरा वेळाने थांबतं. थांबणारं नसेल तर तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतात?"

"तू माले आवडस."

मी अगदी शिकवायच्या झोकात बोलून गेले. बोलल्यावर कळलं, आपण काय बोललो, कुणाच्या डोळ्यांत बघून बोललो. त्याला कळलं की नाही म्हणून वर पाहिलं. कळलं होतं. हा माणूस, ज्याला पायी आणि पाळी कळत नव्हती, त्याला हे मात्र पहिल्या फटक्यात कळलं होतं.

"पुन्हा सांग," तो हळूच म्हणाला. "घाईत चुकीचं ऐकायची खोड आहे मला."

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.